तोफेच्या तोंडी दिलेली प्रार्थना

जबलपूरला निघालेल्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. पहिला दिवस भेडाघाटचा. धुवांधारचे तुषार अंगावर घ्यायचे, दोन्ही बाजूंच्या संगमरवरी कड्यांमधून नावेत बसून नर्मदेवर फिरायचे, नावाड्याची यमक जुळवलेली बडबड ऐकायची, चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या पायऱ्या चढायच्या. दुसऱ्या दिवशी ग्वारीघाटावर नर्मदेची आरती, बाजारातून संगमरवराचे गणपती आणि शिवलिंगे, आणि संध्याकाळची परतीची गाडी. नागपूरकरांना तर शिवनीमार्गे हे शहर एका दिवसाच्या अंतरावर. मुंबईकर इटारसीमार्गे येतात. ही वाटही जुनी आहे. १८७० साली मुंबईकडून आलेले आणि कलकत्त्याकडून आलेले रूळ जबलपुरातच एकमेकांना मिळाले.

या धावपळीत स्टेशनापासून फार लांब नसलेला एक चौक नजरेखालून निसटून जातो. मालगोदाम चौक हे त्याचे रोजच्या व्यवहारातले नाव. तिथे दोन पुतळे आहेत, एक वृद्ध बापाचा आणि एक त्याच्या मुलाचा. गढा-मंडलाच्या गोंड राजघराण्यातले राजा शंकरशाह आणि कुंवर रघुनाथशाह. १८ सप्टेंबर १८५७ रोजी याच परिसरात, जबलपूरच्या इंग्रज एजन्सीच्या आवारापुढे, दोघांना तोफांच्या तोंडी बांधून उडवण्यात आले.

अठराशे सत्तावनच्या त्या वर्षात इंग्रजांनी अनेकांना तोफेने उडवले. पण जबलपूरची ही हकिकत वेगळी आहे. या दोघांच्या हातून एकही इंग्रज मारला गेला नव्हता, एकही गोळी सुटली नव्हती. त्यांच्या विरुद्ध जो पुरावा सर्वांत जास्त बोलला गेला, तो म्हणजे देवीची एक प्रार्थना.

राज्य गेले, नाव उरले

शंकरशाह कोण, हे समजायला गढा पाहायला हवे. आज ती जबलपूरची एक गजबजलेली वस्ती आहे; एके काळी ती राजधानी होती आणि जबलपूर हे शेजारचे गाव होते. गढ्याजवळच्या टेकडीवर एका प्रचंड शिळेवर मदनमहाल उभा आहे. गोंड राजा मदनसिंहाचे नाव त्याला चिकटले आहे. महाल म्हणावा इतका तो मोठा नाही, टेहळणीची चौकीच म्हणावी. पण वरून सारे शहर दिसते. जवळच एका खडकावर दुसरा खडक नुसता टेकलेला आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपात जबलपुरातल्या कितीतरी इमारती पडल्या, हा खडक जागचा हलला नाही, असे तिथला प्रत्येक जण पाहुण्याला अभिमानाने सांगतो.

गोंड राजांची खरी खूण मात्र महालात नाही, तळ्यांत आहे. राणीताल राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा, आधारताल तिचा दिवाण आधारसिंह याचा, संग्रामसागर राजा संग्रामशाहाचा. यातली काही तळी बुजून त्यांच्यावर वस्त्या आणि मैदाने झाली आहेत, पण पत्ता सांगताना नावे तीच येतात. दुर्गावतीची कथा मराठी घरांतही ठाऊक आहे. अकबराचा सरदार असफखान चालून आला तेव्हा ती हत्तीवर बसून लढली आणि २४ जून १५६४ रोजी पकडले जाण्यापेक्षा तिने स्वतःच्या हाताने मरण पत्करले.

तिच्यानंतरही राज्य दोनशे वर्षे टिकून होते. ते संपवले कोणी, हा प्रश्न मराठी पाहुण्याला जरा अडचणीचा आहे. कारण ते काम मोगलांनी केले नाही आणि इंग्रजांनीही केले नाही. १७४२ साली पेशवा बाळाजी बाजीराव मंडल्यावर चालून गेला, त्या लढाईत राजा महाराजशाह पडला आणि राज्यावर चौथाई बसली. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी उरलेले राज्यही खालसा केले. शेवटचा राजा नरहरशाह खुरईच्या किल्ल्यात कैदेत पडला आणि तिथेच १७८९ साली वारला. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१७ च्या डिसेंबरात, इंग्रजी फौज जबलपुरात शिरली तेव्हा गोंडांचे राज्य जाऊन एक पिढी उलटली होती. मराठी इतिहासाच्या पुस्तकांत या मोहिमा एका ओळीत उरकतात. गढ्याच्या बाजूने पाहिले तर ती ओळ बरीच लांब आहे.

शंकरशाह याच घराण्यातल्या सुमेरशाहाचा मुलगा. जन्मला तेव्हाच राज्य हातातून गेलेले. त्याच्याकडे राहिली होती गढ्याजवळच्या पुरवा गावातली गढी, थोडी गावे आणि सरकारने बांधून दिलेले लहानसे वेतन. घराण्याचा मान मात्र मुलखात शाबूत होता. गोंड गावांतून तो राजाच होता; आसपासचे ठाकूर आणि मालगुजार त्याला मुजरा करीत. असे वेतनावर जगणारे राजे त्या काळी हिंदुस्थानभर होते आणि इंग्रजांना ते निरुपद्रवी वाटत. जबलपुरात ठगांचा बंदोबस्त करून नाव मिळवलेला अधिकारी स्लीमन याने तर १८३७ साली गढा-मंडलाच्या राजांचा इतिहास लिहून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला होता. ज्यांचा इतिहास हौसेने लिहावा, त्यांची भीती कशाला वाटेल?

वीस वर्षांनी ती वाटली.

फकीर आला, कागद सापडला

मे १८५७ मध्ये मीरत आणि दिल्लीला उठाव झाला तेव्हा जबलपूरच्या छावणीत ५२ वी बंगाल पायदळ पलटण होती. सागर आणि नर्मदा प्रांताचा कमिशनर मेजर अर्स्किन जबलपुरातच राहत असे. पलटण वरकरणी शांत होती, पण रोज नव्या अफवा येत होत्या. गोरे कुटुंबीय एजन्सीच्या इमारतीत गोळा झाले. तिला वाळूच्या पोत्यांनी आणि धान्याच्या साठ्याने किल्ल्याचे रूप आले. ऑगस्टमध्ये कामठीहून मद्रासी फौजेची तुकडी आली तेव्हा त्यांना थोडा धीर आला.

सप्टेंबरच्या सुरुवातीला कुणकुण लागली की, ५२ व्या पलटणीतले काही शिपाई पुरव्याला जाऊन राजाला भेटतात. मोहरमच्या गर्दीचा फायदा घेऊन छावणी जाळायची, गोऱ्यांना मारायचे, खजिना लुटायचा, असा बेत होता आणि तो पुढे ढकलला गेला, असा इंग्रजांचा आरोप होता. खात्री करून घेण्यासाठी डेप्युटी कमिशनर क्लार्क याने आपल्या कचेरीतल्या एका पट्टेवाल्याला फकिराचा वेश देऊन पुरव्याला धाडले. दारी आलेल्या फकिराला कोण अडवणार? त्याच्यासमोर गढीतली माणसे मोकळेपणाने बोलली. तो ऐकून परत गेला.

१४ सप्टेंबरला क्लार्क स्वार आणि पोलीस घेऊन निघाला. गाव वेढले, राजाला, त्याच्या मुलाला आणि इतर काही जणांना धरले आणि घराची झडती घेतली. त्या झडतीत इतर कागदपत्रांबरोबर एक रेशमी पिशवी मिळाली. पिशवीत एक कागद होता. मीरतच्या उठावानंतर सरकारने जो जाहीरनामा काढला होता, त्याच्याच पाठकोऱ्या बाजूवर देवीची पद्यबद्ध स्तुती लिहिलेली होती. एक भाग बापाच्या हातचा, दुसरा मुलाच्या.

सरकारी हुकुमाच्या पाठीवर देवीची आळवणी! हे कोणी जाणूनबुजून केले असेल का? कदाचित हाताशी दुसरा कोरा कागद नसेल, इतके साधे कारण असू शकेल. पण ज्याने तो कागद उलटून पाहिला असेल, त्याला ती गोष्ट साधी वाटली नसणार.

अर्स्किनने त्या पद्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते पुढे इंग्रजांच्या बंडाच्या इतिहासांत छापले गेले. आशय थोडक्यात असा: चंडीने चहाडखोरांची तोंडे बंद करावीत, दुष्टांना तुडवावे, शत्रूचा फडशा पाडावा आणि आपल्या भक्ताचे रक्षण करावे. शत्रू म्हणून इंग्रजांचे नाव त्यात स्पष्ट आले होते.

अशी प्रार्थना मराठी कानांना अनोळखी नाही. गोंधळी संबळ वाजवून भवानीला साद घालतो तेव्हा दैत्यांच्या संहाराचेच वर्णन करतो. घरोघरी नवरात्रात देवीच्या ज्या आरत्या आणि स्तोत्रे म्हटली जातात, त्यांतही महिषासुर मारलाच जातो. संकटात सापडलेल्या माणसाने कुलदेवीला शत्रूचा नाश माग, असे कोणी शिकवावे लागत नाही. शंकरशाहाने जुन्या साच्यात नवे नाव घातले, एवढेच.

अर्थात तो कागद अगदी निरागस होता, असे म्हणणेही त्या राजावर अन्यायाचे होईल. शिपायांशी त्याचे बोलणे झाले असले पाहिजे. इंग्रज जावेत, ही त्याची मनापासूनची इच्छा होती. पण इच्छा आणि कृती यांत कायदा फरक करतो. तो फरक जबलपुरात त्या आठवड्यात कोणी केला नाही.

कमिशन बसले. चौकशी झाली, शिक्षा ठरली. अटकेपासून मृत्यूपर्यंत चार दिवस लागले. लोक सांगतात की, धर्म बदला आणि साथीदारांची नावे सांगा, म्हणजे जीव वाचेल, अशी अट दोघांपुढे ठेवली होती आणि त्यांनी ती झिडकारली. गोंड गावांतून ही गोष्ट आजही अशीच ऐकायला मिळते.

इंग्लंडमधला एक कागद

घराची झडती, धर्माचा कागद आणि त्यावरून राजद्रोहाचा आरोप. इंग्रजांच्या स्वतःच्या इतिहासात ही चाल नवी नव्हती. फक्त तिथे बळी पडले ते त्यांचेच देशबांधव.

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात इंग्लंडमध्ये कॅथलिक पंथाला बंदी होती. राणी हीच देशातल्या चर्चची प्रमुख, हे प्रत्येकाने मानले पाहिजे असा कायदा होता. कथबर्ट मेन हा डेव्हन परगण्यातला मुलगा. त्याचा चुलता प्रॉटेस्टंट धर्मगुरू होता आणि पुतण्यानेही तोच मार्ग धरावा म्हणून त्याने त्याला शिकवले. ऑक्सफर्डला गेल्यावर मेनचे मन पालटले. १५७३ साली तो समुद्रापलीकडे दुए इथल्या कॅथलिक विद्यालयात गेला, तिथे त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि १५७६ मध्ये तो जिवावर उदार होऊन मायदेशी परतला. कॉर्नवॉलमध्ये फ्रान्सिस ट्रेजियन नावाच्या जमीनदाराने त्याला आश्रय दिला. लोकांसमोर मेन त्याचा कारभारी म्हणून वावरे आणि गुपचूप उपासना चालवी.

पुरव्याला हेर साधूच्या वेशात आला. इथे साधूच कारभाऱ्याच्या वेशात होता.

जून १५७७ मध्ये शेरीफ मोठा जमाव घेऊन ट्रेजियनच्या वाड्यावर आला. झडतीत मेनच्या गळ्यात मेणाची एक छोटी मुद्रा सापडली. पोपने मंतरलेली, कोकराचे चित्र असलेली ही मुद्रा भाविक कॅथलिक आपल्याकडच्या ताईतासारखी जवळ बाळगत. आणि त्याच्या सामानात एक छापील कागद सापडला. तो पोपच्या एका पर्वकाळाची घोषणा करणारा होता. ते पर्व होऊन गेले होते, कागदाला रद्दीहून जास्त किंमत उरली नव्हती. तरी खटला उभा राहिला तो याच वस्तूंवर. न्यायाधीशांत एकमत होईना, म्हणून प्रकरण राणीच्या मंत्रिमंडळाकडे गेले आणि तिथून देहान्ताचा हुकूम आला. आदल्या दिवशी मेनला सांगण्यात आले की, राणीला चर्चप्रमुख मान, म्हणजे सुटशील. त्याने बायबल मागवले, त्याचे चुंबन घेतले आणि नकार दिला. नोव्हेंबर १५७७ मध्ये लॉन्सेस्टन गावच्या बाजारात त्याला फाशी देऊन त्याच्या देहाचे चार तुकडे करण्यात आले. आश्रय देणाऱ्या ट्रेजियनची जमीन जप्त झाली आणि तो वर्षानुवर्षे तुरुंगात खितपत पडला. परदेशातल्या विद्यालयांतून परतून हुतात्मा झालेल्या इंग्रज धर्मगुरूंपैकी मेन हा पहिला. ऑक्सफर्डचा त्याचा मित्र एडमंड कॅम्पियन चार वर्षांनी, १ डिसेंबर १५८१ रोजी, लंडनला त्याच वाटेने गेला. १९७० साली रोमने चाळीस इंग्रज आणि वेल्श हुतात्म्यांना संतपद दिले, त्यांत हे दोघेही आहेत.

याच पिढीतला एक इंग्रज कॅथलिक तरुण मात्र मायदेशी परतला नाही. तो १५७९ साली गोव्याला आला. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. मराठी वाचक त्याला ‘क्रिस्तपुराण’ या ओवीबद्ध मराठी ग्रंथाचा कर्ता म्हणून ओळखतात. इंग्लंडच्या त्या छळामुळे मराठी भाषेच्या पदरात काय पडले, याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही.

मेन आणि शंकरशाह यांत फरक आहेच. मेनने कोणाच्या नाशाची इच्छा केली नव्हती, शंकरशाहाने केली होती. पण दोन्हीकडे राज्यकर्त्यांचे म्हणणे एकच होते: आम्ही धर्माला हात लावलेला नाही, शिक्षा दिली ती राजद्रोहाला. दोन्हीकडे शिक्षाही अशी निवडली की, मेल्यानंतरही देह एकसंध राहू नये.

भाद्रपद अमावास्या

१८ सप्टेंबर १८५७, शुक्रवार. पंचांगाप्रमाणे ती भाद्रपद अमावास्या होती. पितृपंधरवडा संपत होता, नवरात्र तोंडावर आले होते. घरोघरी पितरांच्या नावाने पाणी सोडण्याचे ते दिवस. तोफेने उडवलेल्या माणसाचे अंत्यसंस्कार नीट होऊ शकत नाहीत, हे इंग्रजांना पक्के ठाऊक होते. या शिक्षेचा वचक त्यातच होता. तिथी पाहून त्यांनी दिवस निवडला असेल, असे नाही. पण ज्यांनी पाहिले त्यांच्या लक्षात तिथी राहिली असणारच.

एजन्सीसमोरच्या मैदानात दोन तोफा आणल्या गेल्या. भोवती मद्रासी पायदळाचा पहारा, त्यापलीकडे गर्दी. हजर असलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने त्या प्रसंगाचे वर्णन लिहून ठेवले आहे. म्हातारा राजा ताठ पावलांनी तोफेपर्यंत चालत गेला. मुलगा त्या मानाने खिन्न होता. बापाचे केस पांढरेशुभ्र होते आणि त्याचा धीर पाहून त्या अधिकाऱ्यालाही क्षणभर दया आल्यासारखे झाले. मागून जे लिहिले आहे ते मात्र दयेचे नाही. तोफा उडाल्यावर बांधलेले हातपाय तिथेच पडून राहिले आणि दोघांचे चेहरे मात्र न विद्रूप होता शाबूत होते. राणीसाठी अवशेष गोळा करू देण्यात आले.

जबलपुरात सांगतात की, शेवटच्या क्षणी दोघांनी ती देवीची प्रार्थनाच म्हटली: आधी बापाने आपला भाग, मग मुलाने आपला. कागद तर जप्त झाला होता. पण ज्यांनी लिहिली त्यांना कागदाची गरज काय?

दहशत बसावी म्हणून शिक्षा जाहीर दिली होती. परिणाम त्याच रात्री दिसला आणि तो उलटा होता. ५२ वी पलटण जवळजवळ सगळीच्या सगळी अंधारात छावणी सोडून निघून गेली. विशेष म्हणजे जाताना शिपायांनी जबलपुरात कोणावर हात उचलला नाही. त्यांनी पाटणचा रस्ता धरला. तिथे पलटणीची एक तुकडी होती आणि मॅकग्रेगर नावाचा एक तरुण इंग्रज लेफ्टनंट तिच्याबरोबर होता. शिपायांनी त्याला ताब्यात घेतले आणि आपल्या कर्नलला अदबीने पत्र लिहून त्याच्या सुटकेसाठी बोलणे लावले. बोलणे फिसकटले आणि काही दिवसांनी कटंगीजवळ इंग्रजी फौजेशी गाठ पडली तेव्हा मॅकग्रेगरचा मृतदेहच हाती लागला. त्याने राजाचे काहीच बिघडवले नव्हते. त्या वर्षी सूड असाच मिळेल त्याच्यावर उगवला जात होता, दोन्ही बाजूंनी.

पलटण गेली तशी आसपासच्या मुलखाने उचल खाल्ली. विजयराघवगढचा तरुण ठाकूर सरयूप्रसाद उठला, मंडल्याकडे रामगढची राणी अवंतीबाई लोधी उठली. अवंतीबाई १८५८ च्या मार्चमध्ये धारातीर्थी पडली. शंकरशाहाच्या राणीने, फुलकुंवरने, मंडल्याच्या रानात लढा चालू ठेवला, असेही तिकडे सांगतात. आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी आपल्या चंद्रपूरला बाबूराव शेडमाके फासावर चढले, तेही गोंड जमीनदार घराण्यातलेच. विदर्भातल्या गोंड वस्त्यांमधून शंकरशाहांचे आणि शेडमाक्यांचे नाव एका दमात घेतले जाते, ते उगीच नव्हे.

आज काय पाहावे

बरीच वर्षे मालगोदाम चौकातले पुतळे हेच या घटनेचे मुख्य स्मारक होते. दर वर्षी १८ सप्टेंबरला तिथे बलिदान दिवस पाळला जातो. मंडला, डिंडोरी, शिवनी, छिंदवाडा या भागांतून गोंड स्त्रीपुरुष येतात, ‘जय सेवा’ म्हणून एकमेकांना भेटतात, पुतळ्यांना हार घालतात. अलीकडे राजकीय पक्षांनाही या दिवसाची आठवण होऊ लागली आहे. व्यासपीठे मोठी झाली आहेत, घोषणा वाढल्या आहेत. त्यात वावगे काही नाही, पण हार घालून झाल्यावर मंडल्याकडची म्हातारी माणसे पुतळ्याजवळ जी गप्प उभी राहतात, ती पाहण्यासारखी असतात. २०२१ नंतर छिंदवाड्याच्या विद्यापीठाला राजा शंकरशाहांचे नाव मिळाले. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी जबलपुरात या पितापुत्रांच्या नावाने आदिवासी स्वातंत्र्यसैनिक संग्रहालयाचे उद्घाटन झाले. दोन दिवसांच्या मुक्कामात त्यासाठी एक सकाळ राखून ठेवणे सहज शक्य आहे.

सप्टेंबरात जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. पावसाळ्यात नर्मदेला पाणी चढलेले असते, त्यामुळे भेडाघाटचा नौकाविहार बंद असतो. तो पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडतो. धुवांधार मात्र त्या दिवसांत कड्यांसकट बुडून जातो आणि ते रूपही वेगळेच असते. मुलांचा नावेसाठी हट्ट असेल तर नवरात्र-दिवाळीचा बेत बरा.

नवरात्रात गेलात तर मदनमहाल पाहून उतरताना गढा-पुरव्याकडे वळावे. तिथे मालादेवीचे लहानसे देऊळ आहे. मूर्ती जुनी, कलचुरी काळातली मानली जाते. गोंड राजांची ही कुलदेवी, असे तिथले लोक सांगतात. देऊळ मोठे नाही, रस्ताही अरुंद आहे. मोटार जरा अलीकडेच सोडून चालत जावे लागते. फुलांची माळ मात्र आधीच्या बाजारातूनच घ्यावी.